भिंतीवरचा दोडका

हल्ली कुणाच्या वास्तुशांतीला गेलं की हॉलमधली एक भिंत आपल्याला दाखवायचीच असते. बाकीच्या तीन भिंती फिक्या, आणि चौथीवर जंगल. मोठाली, भोकं पडलेली हिरवीगार पानं, मधून एखादं ताडाचं पान पंख्यासारखं पसरलेलं, आणि जमलंच तर एक गुलाबी बगळा. (तो बगळा नसतो, फ्लेमिंगो असतो. पण घरमालकसुद्धा त्याला बगळाच म्हणतात.) "कशी वाटतेय भिंत?" असं विचारतात. आपण "मस्त" म्हणतो आणि पंगतीत जाऊन बसतो.

मीही "मस्त"च म्हणते. पण खरं मत वेगळं आहे, आणि ते लिहायला ही जागा बरी.

ती भोकांची पानं मॉन्स्टेराची. मेक्सिकोच्या दक्षिण भागापासून पनामापर्यंतच्या जंगलांतला हा वेल. तिथं तो मोठ्या झाडांच्या खोडाला धरून वर चढतो. तिथून तो जगभरच्या कुंड्यांत आला, कुंड्यांतून फोटोंत, फोटोंतून छापील वॉलपेपरवर आणि तिथून आमच्या बारामती तालुक्यात. केळीच्या पानाची गोष्ट तर याहून गमतीची आहे. १९४२ साली डॉन लोपर नावाच्या एका अमेरिकन डिझायनरनं केळीच्या पानांचा वॉलपेपर तयार केला. पुढे तो बेव्हर्ली हिल्स हॉटेलच्या भिंतींवर लागला आणि जगभर गाजला. आज त्याच्या नकलेच्या नकला आपल्याकडे चौरस फुटाच्या भावानं विकल्या जातात. ज्या घरात तो कागद चिकटवतात त्याच घराच्या मागं मोरीच्या पाण्यावर केळीचा गड्डा माजलेला असतो, आणि सत्यनारायणाला त्याचेच खुंट कापून चौरंगाला बांधतात!

आता कुणी म्हणेल, परदेशी झाडांशी तुमचं वाकडं आहे. अजिबात नाही. दसऱ्याला दाराला ज्याचं तोरण बांधतो तो झेंडू मेक्सिकोकडचाच. मिरची तिकडची, पेरू तिकडचा, सीताफळही तिकडचंच. झाडं माणसांसारखीच फिरतात आणि जिथं रुजतात तिथली होतात. माझी तक्रार दुसरीच आहे. त्या भिंतीवरच्या झाडाकडे त्या घरातल्या कुणीही कधी निरखून पाहिलेलं नसतं आणि त्या भिंतीला घरातल्या कुणाचाही हात लागलेला नसतो. आणि आमच्याकडे, म्हणजे देशावरच्या खेड्यांत, घराच्या भिंतीला हात कुणी लावायचा ही गोष्ट साधी नव्हती. ते थोडं सविस्तर सांगायला हवं.

माझं सासर सांगवीचं. बारामती तालुक्यातलं नीरेच्या बाजूचं गाव. तालुक्याचे दोन भाग, एक बागायत आणि एक जिराईत. आम्ही बागायतातले, म्हणजे ऊसवाले. नीरेचा डावा कालवा १८८५च्या सुमारास वाहायला लागला आणि या पट्ट्याचं सगळंच बदललं. पीक बदललं, पैसा बदलला, आणि (उशिरा का होईना) घरंही बदलली. आमचं जुनं घर पांढऱ्या मातीच्या भिंतींचं, धाब्याचं. माझं लग्न झालं तेव्हा ते उभं होतं, पण अर्ध्या भागात कडबा आणि खताची पोती असायची.

त्या घराच्या भिंती आत्यांच्या होत्या. (आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्या आणि सासऱ्यांना मामा म्हणतात.) सातबाऱ्यावर त्यांचं नाव कधी लागलं नाही, पण भिंती त्यांच्या होत्या. घटस्थापनेच्या आधी घर सारवायचं, ते बायकांनी. माती कुठली आणायची, ती किती दिवस भिजवायची, शेण किती, भुसा किती, हे सगळं त्यांचं ज्ञान. खाली हातभर गेरूचा पट्टा, वर पांढरी माती, आणि चौकटीच्या दोन्ही अंगांना वेल. लिंबाची काडी ठेचून तिचा कुंचला. रंग तीनच : गेरू, चुना आणि कपड्यांना घालायची नीळ. पंचमीला त्याच भिंतीवर नागोबा यायचा, दिवाळीला पणत्या आणि पावलं यायची. वर्षभरात पावसानं, धुरानं, पोरांच्या हातांनी ते पुसट व्हायचं, आणि पुढच्या वर्षी त्यावरच नवा हात फिरायचा. कुणी कुणाला विचारत नव्हतं. घरधन्याला विचारायचा तर प्रश्नच नव्हता. भिंत सारवायला पुरुष आला असता तर गाव हसलं असतं.

मग नवं घर झालं. आरसीसी, गिलावा, पुट्टी, प्लॅस्टिक पेंट. चांगलं झालं, यात शंका नाही. धाब्यावर पावसात माती टाकायला चढणाऱ्या माणसालाच स्लॅबची किंमत कळते. आत्यांचे गुडघे सारवण्यातून सुटले, पाठ सुटली. ज्यांनी कधी शेणात हात घातला नाही त्यांनी मातीच्या घरांवर कविता करू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. पण या बदलात एक गोष्ट गुपचूप झाली, ती कुणाच्या लक्षात आली नाही. भिंत बायकांच्या हातून गेली. रंग कुठला लावायचा ते पुरुष आणि पेंटर ठरवायला लागले, कारण आता त्याला पैसे पडत होते. पहिल्या दिवाळीला मी आत्यांना सहज म्हटलं, "आत्या, दाराशी वेल काढायची का?" त्या म्हणाल्या, "आता ह्या भितीला हात लावायचा म्हंजी आदी इचारावं लागतं."

रागानं नाही, रडवेल्या होऊन नाही, हवापाण्यावर बोलावं तसं म्हणाल्या. पण मला ते वाक्य अजून जात नाही.

जुनं घर पाडलं तेव्हा त्या वेलींचा एकही फोटो कुणी काढलेला नव्हता. जेसीबीनं दुपारपर्यंत काम उरकलं.

हे आमच्याच घरात झालं असंही नाही. डहाणू-तलासरीकडच्या वारली चित्रांची गोष्ट आठवून पाहा. लग्नाच्या वेळी घरातल्या भिंतीवर देवचौक लिहायचा, त्यात पालघाट देवी बसवायची, हे काम सवाशिणींचं. गेरूनं सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचं पांढरं आणि टोक ठेचलेली काडी. आत्यांच्या आणि त्यांच्या साहित्यात फरक तो काय! १९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णी तिकडे गेले, चित्रं कागदावर आली आणि जिव्या सोमा मशे यांचं नाव जगभर झालं. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. फार मोठा चित्रकार. लग्न नसताना, विधी नसताना, केवळ काढावंसं वाटतं म्हणून रोज चित्र काढणारा माणूस. त्यांच्या मोठेपणाला कमी लेखायचं नाही. पण चित्र भिंतीवरून कागदावर आलं, त्याला किंमत आली, आणि त्याबरोबर ते सवाशिणींच्या हातातून बऱ्याच अंशी पुरुषांच्या हातात गेलं, हेही खरंच आहे. भिंतीवर होतं तोवर ते बायकांचं काम होतं. बाजारात गेल्यावर ती कला झाली.

तर आता माझा मुद्दा. घराच्या भिंतीवर झाड काढायचं असेल (आणि जरूर काढावं, रिकाम्या भिंतीचं मला काही कौतुक नाही) तर ते घरातल्या माणसानं काढावं, शक्य तर ज्या बाईच्या हातून भिंत गेली तिच्याच हातून काढून घ्यावं, आणि झाड असं निवडावं की जे उठून जाऊन बघता येईल.

मागच्या वर्षी आम्ही ते केलं. सोप्यातल्या एका भिंतीवर, सात फूट उंच आणि नऊ फूट रुंद. 'म्युरल' म्हणायला संकोच वाटतो. आम्ही त्याला वेलच म्हणतो.

झाड कुठलं, यावर पंधरा दिवस वाद झाला. मामांचं म्हणणं सगळ्यात आधी आणि सगळ्यात ठाम. "दिवसभर उसात मरायचं आन घरात आलं की भितीवर पुन्ना रानच? काश्मीर काडा." त्यांना बर्फाचे डोंगर, तळं आणि एक होडी हवी होती. जुन्या कॅलेंडरांवर असायची तसली. यावर हसू नये. जो माणूस उन्हातान्हात, रात्रीच्या लाइटीत बारी धरत आयुष्यभर राबला त्याला घरात गारवा बघावासा वाटला तर त्यात गैर काय? शहरातली माणसं भिंतीवर शेत लावतात कारण त्यांना शेतात जायचं नसतं.

मामांच्या बोलण्यातून एक गोष्ट मला स्वच्छ झाली. ऊस काढायचा नाही. ऊस दिसायला देखणा आहे, डिसेंबरात तुरे आले की संध्याकाळच्या उन्हात सगळं शिवार चंदेरी दिसतं. पण ऊस म्हणजे सोसायटीचं कर्ज, टोळीची वाट, कारखान्याची तारीख, वजनकाटा. ते भिंतीवर नको. भिंतीवर परसातलं काढावं. परसातल्या झाडाला पट्टी नसते, पावती नसते. तो दोडका, तो शेवगा, ती गोकर्ण कुणी मोजलेली नसते आणि त्यांचं सगळं बाईच बघते. जुन्या घराच्या भिंतीसारखंच.

दोडका आत्यांनी निवडला. मी गोकर्णीच्या बाजूची होते. निळं फूल, चित्रात शोभलं असतं. त्या म्हणाल्या, "गोकर्ण समदेच काडत्यात." मुद्दा बिनतोड होता.

आता दोडक्याचा वेल कसा असतो ते डोळे मिटून सांगा बरं. आयुष्यभर दोडक्याची भाजी खाल्लेल्या माझ्यासारखीला सांगता येईना. पान पाच-सात कोनांचं, हे आठवलं. फूल पिवळं, हेही. बाकी अंधार. वही-पेन्सिल घेऊन परसात गेले तर फुलं मिटलेली. आत्या म्हणाल्या, "आत्ता कुठली? दिवं लागणीला ये." दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं, हे मला या वयात कळलं. त्याचाच भाऊ घोसाळं, ते सकाळी उमलतं. दोघांचे वेल शेजारी असले तरी कामाच्या पाळ्या वेगळ्या!

मग आठवडाभर संध्याकाळी मांडवाखाली बसून आम्ही वेल बघितला. नराची फुलं एका दांड्यावर घोसानं येतात, मादीचं फूल एकटं येतं आणि त्याच्या खाली आधीच बोटाएवढा दोडका असतो, शिरांसकट. शिरा मोजल्या तर दहा. दुसऱ्या दोडक्याच्या मोजल्या, दहा. आणि ताणे! वेलाचा ताणा काठीला धरला की त्याची स्प्रिंग होते हे सगळ्यांना माहीत असतं. पण नीट पाहिलं तर ती स्प्रिंग अर्ध्यापर्यंत एका दिशेला वळलेली असते आणि मध्येच एका सरळ तुकड्यानंतर उलट दिशेला वळते. दोन्ही टोकं अडकलेली असताना पीळ भरायचा तर दुसरा मार्गच नाही. दोरीची दोन टोकं बांधून मध्ये पीळ घालून बघा. डार्विननं वेलींवरच्या पुस्तकात हे लिहून ठेवलंय. आत्यांनी डार्विन वाचलेला नाही, पण त्यांनी काढलेला प्रत्येक ताणा मध्यात उलटा वळलेला आहे. मी विचारलं तर म्हणाल्या, "तसाच आस्तुय की."

छापील कागद चिकटवल्यावर हे होत नाही, एवढंच माझं म्हणणं. कागदावरची पानं आयती येतात. काढायला बसलं की झाडाला प्रश्न विचारावे लागतात.

जुन्या, नामांकित भिंतींचंही असंच दिसतं. रोमच्या उत्तरेला प्रिमा पोर्ता इथं सम्राट ऑगस्टसची बायको लिव्हिया हिच्या वाड्यात जमिनीखालची एक खोली १८६३ साली सापडली. चारही भिंतींवर बाग. दोन हजार वर्षांपूर्वीची. त्यात डाळिंब आहे, कण्हेर आहे, ओळखू येतील अशी झाडं आहेत. वनस्पतिशास्त्राची माणसं आजही ती नावानिशी सांगतात. गंमत म्हणजे सगळ्या ऋतूंची फुलं-फळं एकाच वेळी आलेली आहेत. म्हणजे चित्रकाराला झाड माहीत होतं, फक्त त्यानं वेळापत्रक मोडलं. हे मला पटतं. आमच्याही वेलावर एकाच वेळी कळी आहे, फूल आहे, कोवळा दोडका आहे आणि बियाण्याला ठेवलेला वाळका दोडकाही आहे.

इंग्लंडातल्या विल्यम मॉरिसचे वॉलपेपर आज जगभर विकतात, पण १८६२ साली त्यानं पहिला वॉलपेपर आखला तो स्वतःच्या अंगणातल्या गुलाबाच्या ताटीवरून. पक्षी त्याला जमेनात, ते त्यानं फिलिप वेब या मित्राकडून काढून घेतले. (त्या काळच्या हिरव्या रंगांत आर्सेनिक असायचं, आणि मॉरिसच्या घरच्यांचे शेअर आर्सेनिक काढणाऱ्या खाणीत होते. सुंदर भिंतीमागं काय काय असतं!) म्हणजे ज्याच्या नकला आपण चिकटवतो तो माणूस स्वतः दाराबाहेर जाऊन बघून आला होता. आपण तेवढं एकच वगळतो.

आमच्या घरात मॉन्स्टेराचीही एक बाजू होती. जाऊबाईंची मुलगी अकरावीत आहे. तिला दोडका मुळीच नको होता. तिच्या डोळ्यांसमोर पुण्यातलं होस्टेल, खिडकीत कुंडी, भिंतीवर ते पान, असं एक चित्र पक्कं आहे, आणि त्या चित्रात सांगवी नाही. तिला "आपली झाडं, आपली माती" असलं काही ऐकवण्यात मला रस नव्हता. तिला एवढंच सांगितलं की तुझ्या खोलीची भिंत तुझी, पण फोटोवरून काढायचं नाही, झाड आण. तिनं बारामतीच्या नर्सरीतून एक लहानसं रोप आणलं. दोन दिवसांनी तणतणत आली, "काकू, फसवलं त्यांनी, याच्या पानाला भोकंच नाहीत!" फसवलं नव्हतं. मॉन्स्टेराच्या लहानपणीच्या पानांना भोकं नसतातच. वेल मोठा होईल तशी पानं चिरत, भोकं पडत जातात. आता तिच्या भिंतीवर खाली साधी, बदामी आकाराची पानं आहेत आणि वर जाता जाता ती फाटत गेली आहेत. मी आजवर पाहिलेल्या मॉन्स्टेराच्या भिंतींत ही एकच मला खरी वाटते.

आता थोडं भिंतीबद्दल, कारण चित्रापेक्षा भिंतच जास्त छळते. आमच्याकडे तर फारच.

कालव्याच्या पाण्यानं या पट्ट्याला ऊस दिला आणि मीठही दिलं. पाणी जास्त, निचरा कमी, त्यामुळं जमिनीतले क्षार वर आले. हे काल-परवाचं नाही. हॅरॉल्ड मान आणि तांबणे... नाही, ताम्हणे, या दोघांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर १९१०मध्येच सरकारी पुस्तिका लिहिली होती. जमिनीत जे होतं तेच भिंतीत होतं. पायातून ओल चढते, पाणी उडून जातं, मीठ मागं राहतं आणि रंगाला फुगे धरून पापुद्रे सुटतात. त्याला लोणा लागणं म्हणतात. आमच्या भागात तळमजल्याच्या भिंतींना दोन-अडीच फुटांपर्यंत तो हमखास लागतो. मातीच्या भिंतीला हे दुखणं इतकं दिसत नव्हतं, कारण ती श्वास घेत होती आणि दर वर्षी नवं सारवण मिळत होतं. प्लॅस्टिक पेंटनं भिंतीचं तोंड बंद केलं की ओल आतून ढकलत राहते.

म्हणून काढण्याआधी एक साधी गोष्ट करावी. प्लॅस्टिकचा हातभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर एक दिवस ठेवावा. आतल्या बाजूला दव धरलं तर थांबावं, आधी ओल कुठून येते ते बघावं. पांढरी पूड आली असेल तर पाण्यानं धुऊ नये (मीठ विरघळून परत आत जातं), कोरड्या ब्रशनं झाडावी. आम्ही जमिनीपासून अडीच फूट जागा मोकळीच सोडली. वेल वरून खाली आणला, मांडवावरून लोंबतो तसा. उरलेली भिंत काचपेपरनं हलकी घासली, पुसली, आणि थेट खडूनं काढायला घेतलं. हल्ली प्रोजेक्टर लावून भिंतीवर चित्र पाडतात आणि गिरवतात. तशा रेषेत हात अडखळल्याची खूण राहत नाही, म्हणून मला ती आवडत नाही.

रंगाचं म्हणाल तर डब्यातला तयार हिरवा लावू नये. तो पानाचा नसतो, बसस्टँडच्या बाकड्याचा असतो. पांढऱ्या प्लॅस्टिक पेंटात स्टेनरच्या बाटल्यांतून पिवळा आणि निळा घालावा आणि वर चिमूटभर गेरूच्या रंगाचा स्टेनर. तांबडा पडला की हिरवा शांत होतो, उन्हानं थोडा भाजल्यासारखा. ही युक्ती आत्यांची. त्यांनी आयुष्यात कधी प्लॅस्टिक पेंट हातात धरला नव्हता, पण तिन्ही वाट्या पुढ्यात आल्यावर पाच मिनिटांत त्यांनी पानाचा रंग आणला.

त्यांचा हात आता थरथरतो. रेघ कापते. पहिल्या दिवशी त्यांनीच ब्रश खाली ठेवला, "तूच काड, माजं वाकडं येतंय." पण दोडक्याचा ताणा सरळ असतो कुठं? पानं मी आणि जाऊबाईंनी काढली. ताणे आणि मादी फुलं सगळी आत्यांची. जी माणसं बघायला येतात त्यांची नजर ताण्यांवरच जाऊन थांबते, हे मी कितीदा पाहिलंय.

वेल झाल्यावर भावजी म्हणाले, वरून वॉर्निशचा हात मारून टाकू, वीस वर्षं बघायला नको. भावना चांगली होती, पण मी नको म्हटलं आणि आत्यांनी तर हातच धरला. वॉर्निशनं भिंतीचं तोंड आणखी बंद होईल हे माझं कारण. त्यांचं कारण वेगळं. "पुढच्या साली कारलं काडायचं हाय. ह्येच का वीस वर्सं?" मला वाटतं नव्या लोकांना हे सगळ्यात जड जाईल. भिंतीवर पैसे घातले की ते टिकलेच पाहिजेत. पण दर वर्षी पुसून पुन्हा काढण्यातच त्या भिंतीवरचा त्यांचा हक्क होता. वाईजवळ मेणवलीला नाना फडणीसांच्या वाड्यातली चित्रं दोनशे वर्षांनंतरही जपायची, ते ठीकच आहे, तो इतिहास आहे. आमच्या सोप्यात इतिहास नको. पुढच्या घटाला काय काढायचं, एवढी चर्चा चालू राहिली तरी पुष्कळ.

यंदाच्या पावसाळ्यानंतर लोणा आमच्या अंदाजापेक्षा चार बोटं जास्त वर चढला. सगळ्यात खालचं एक पान आणि बियाण्याच्या दोडक्याचं शेंडं सुटून पडलं. आत्यांनी पापुद्रा झाडून टाकला आणि तिथं आता काय करायचं यावर घरात पुन्हा बोलणी सुरू झाली आहेत. जाऊबाई म्हणतात, वेलच आखूड करू. मुलगी म्हणते, तिथं एक मांजर काढू. मामा बरेच दिवस काही बोलले नव्हते. परवा बारी धरून आले, चहा घेता घेता भिंतीकडं बघत राहिले, आणि म्हणाले, "खाली गेरूचा पट्टा हाणा. पयल्यासारका. हातभर."